गाठवाले सर

गाठवाले सर टेबलाभोवती चालायला लागले की मी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबायची. हातात लांबलचक कागद, चष्मा कपाळावर सारलेला, आणि हॉलमधल्या मोठ्या टेबलाला फेऱ्या. मध्येच थांबून कागदावर बोट ठेवायचे, तोंडातल्या तोंडात काही म्हणायचे, पुन्हा चालू. नव्या माणसाला वाटायचं, यांना काहीतरी झालंय. जुनी माणसं न सांगता आपापल्या खुर्च्या टेबलाखाली सरकवून वाट मोकळी करून द्यायची.

ऑफिस राजारामपुरीत एका टायरच्या दुकानाच्या वर होतं. एक हॉल, प्लायवूड लावून केलेली मालकांची केबिन, मागे मोरी आणि तिथंच माझा गॅस. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. तिथं रक्तपेढ्यांसाठी प्रोग्रॅम लिहायचे. कुठल्या फ्रिजमध्ये कुठल्या गटाचं रक्त आहे, कुठल्या पिशवीची मुदत संपली, कुठली बाहेर द्यायची नाही, हे तो प्रोग्रॅम सांगायचा. तो बरोबर सांगतो का हे बघायला आणखी एक प्रोग्रॅम लिहायचे, त्याला टेस्ट म्हणायचे. टेस्ट चालवली की पडद्यावर हिरवी नाहीतर लाल ओळ यायची. हिरवी म्हणजे पास. पण टेस्ट लिहिणाऱ्यानं स्वतःच ती पुढं पाठवायची नाही, दुसऱ्यानं वाचून हो म्हणायचं, असा नियम होता. हे वाचण्याचं काम सरांकडे होतं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यातलं मला काही कळायचं कारण नव्हतं, आणि कुणाला काही विचारायचं धाडस माझ्यात कधीच नव्हतं. पण एकदा मी ट्रे घेऊन बराच वेळ उभी राहिले तेव्हा सरांनी आपणहून सांगितलं. "मावशी, तुम्ही भाकरी कशा करता? गोळा घ्यायचा, थापायचा, तव्यावर टाकायचा. पीठ संपस्तोवर तेच. त्याला ही पोरं लूप म्हणत्यात. मी त्यो लूप पायानं चालून बघतो. कागदावर म्हटलंय 'पुढचं घे', की एक फेरी. म्हटलंय 'थांब', की थांबायचं. आपण चालताना कुठं अडाकतोय ते बघायचं." एवढं सांगून त्यांनी ट्रेमधला कप उचलला आणि उरलेली फेरी चहा पीत मारली.

त्यांचं खरं आडनाव वेगळं होतं. एखाद्याचं लिखाण गुंतलेलं असलं की ते म्हणायचे, "ह्यो लूप न्हाय, ही गाठ हाय. सोडव आणि आण." त्यावरून पोरांनी नाव पाडलं. त्यांना ते माहीत होतं. एकदा मालकांचा फोन उचलून ते सरळ "गाठवाले बोलतोय" म्हणाले आणि पलीकडच्यानं चुकीचा नंबर लागला समजून फोन ठेवून दिला.

मूळचे ते उद्यमनगरातले. फौंड्रीत ओतलेला माल तपासायचं काम करायचे. कास्टिंगवर हातोडी मारून नुसत्या आवाजावरून तडा ओळखायचे, असं ते सांगायचे. खरं-खोटं मला माहीत नाही. पुढं स्वतः शिकून नव्वदच्या सुमारास त्यांनी शाहूपुरीत कॉम्प्युटरचा क्लास काढला. आमचे मालक प्रदीपराव त्या क्लासातलेच. क्लास बंद पडला आणि प्रदीपरावांची कंपनी उभी राहिली, तेव्हा त्यांनी आपल्या सरांना नोकरीवर घेतलं. चारचौघांत ते त्यांना "सर" म्हणायचे आणि सर त्यांना "साहेब". रागात असले की सर "पर्द्या" म्हणायचे.

अमोल नावाचा एक हुशार मुलगा होता. त्यानं एकदा लूपच्या आत लूप आणि त्याच्या आत आणखी एक लूप लिहिला. सरांनी काही न बोलता मोठ्या टेबलाशेजारी माझं स्टूल ठेवलं आणि स्टुलाशेजारी कचऱ्याची बादली. मग कागद घेऊन निघाले. बादलीला फेऱ्या, मग स्टुलाला, मग टेबलाला, मग पुन्हा बादलीला. शेवटी कपाट आणि स्टूल यांच्यामध्ये अडकून उभे राहिले.

"अमोलराव, तुमच्या कागदाप्रमाणं मी हितं आलोय. आता भाईर कुठनं पडू ते सांगा."

अमोल म्हणाला, "सर, खिडकीतनं."

सगळे हसले, सरही हसले. पण कागद त्यांनी परत दिला. अमोल कुरकुरला, "सर, चालतंय की ते. हिरवी ओळ येत्या." सर म्हणाले, "चालतंय रे. पण पुढच्या साली ह्यात काय बदलायचं झालं तर कोण वाचणार हाय? तू तर पुण्याला जाणार." अमोल पुढच्या वर्षी पुण्याला गेलाच. त्यानं सोडवून पुन्हा लिहिलेलं ते लिखाण नंतर ज्याच्याकडे आलं त्यानं ते एका दुपारात वाचून काढलं, म्हणून मला ही गोष्ट लक्षात राहिली.

सरांची दुसरी एक रीत होती. चालून झालं की ते कागद पालथा घालायचे आणि लिहिणाऱ्याला म्हणायचे, "आता तोंडानं सांग. एका दमात." सांगता सांगता माणूस "म्हणजे", "तसं नव्हे", "थांबा हं" असं म्हणायला लागला की ते कागद त्याच्यापुढं सरकवायचे. रागावायचे नाहीत. त्यामुळंच पोरांना जास्त लागायचं.

सुजाता आली ती पावसाळा संपता संपता. शाहूवाडीकडच्या एका गावातली, घरची भातशेती, कॉलेज केलेली घरातली पहिलीच. रोज दुपारी एकच्या सुमाराला जिन्यात उभी राहून वडिलांना फोन करायची. "जयभीम बाबा, जेवलो" एवढंच बोलून ठेवायची. ऑफिसात मात्र ती अगदी पुस्तकातल्यासारखं बोलायची. तिला टेस्ट लिहायचं काम दिलं होतं आणि सहा महिने बघून कायम करणार होते. बघणार म्हणजे सर बघणार. तिनं मला मोरीपाशी सांगितलं होतं की ही नोकरी गेली तर घरचे पुन्हा शहरात ठेवणार नाहीत, स्थळं बघायला सुरुवात झालेलीच आहे. ती दुसऱ्या कुणाशी असं बोलत नव्हती. मीही बोलत नव्हते, म्हणून असेल.

सहा महिने भरत आले तेव्हा तिच्याकडे मुदत संपलेल्या पिशव्यांची टेस्ट होती. जुनी पिशवी प्रोग्रॅम बाहेर जाऊ देत नाही ना, हे त्यात बघायचं. सरांनी ती टेस्ट एकदा परत केली. म्हणाले, गाठ आहे. तिनं थोडं इकडंतिकडं करून पुन्हा दिली, ती पुन्हा परत आली. तिसऱ्या वेळी तिचा चेहरा उतरला होता. मालक केबिनच्या दारातून बघत होते, कारण त्याच आठवड्यात एका मोठ्या हॉस्पिटलला प्रोग्रॅम दाखवायचा होता.

सर कागद घेऊन टेबलाच्या कोपऱ्याशी उभे राहिले आणि वाचायला लागले. "पहिला फ्रिज घे. त्यातली पिशवी घे. पिशवी जुनी हाय का, प्रोग्रॅमला विचार. तो व्हय म्हणाला तर बाजूला ठेव. सगळे फ्रिज झाले की बाजूला ठेवलेली एकेक पिशवी घे आणि प्रोग्रॅमकडं मागून बघ. प्रोग्रॅमनं दिली तर लाल." इथवर वाचून त्यांनी कागद खाली केला. मग सुजाताला म्हणाले, "समज, प्रोग्रॅमच चुकला. जुनी पिशवी त्याला नवीच वाटली. मग बाजूला किती ठिवल्या?"

"एकही नाही," सुजाता म्हणाली.

"मग मी फेऱ्या किती मारायच्या?"

सर जागचे हलले नाहीत. टेबलाच्या कोपऱ्याशी तसेच उभे राहिले, आणि मग म्हणाले, "मी हितनं हाललो न्हाय. एक पिशवी मागितली न्हाय. आणि तुझी ओळ येत्या हिरवी." त्यांचा आवाज चढला नव्हता. "ज्याची तपासणी करायची त्यालाच इचारून पिशव्या निवडल्यास व्हय? आणि तीन-तीन लूप घालून ते झाकून ठेवलंस. कुणी शिकवलं हे?"

सुजातानं खाली बघितलं. मग म्हणाली, "सर, जुन्या फायलीतनं घेतलंय. फक्त नावं बदलली. तीच फाईल सध्या चालू आहे. ती तुमची आहे."

सरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. तिच्या मशीनपाशी जाऊन ती फाईल उघडायला लावली. बराच वेळ वाचत उभे होते. मग म्हणाले, "माझीच हाय." ते क्लास बंद करून नुकते कंपनीत आले होते तेव्हाची ती फाईल. नंतर मला चहा घेताना म्हणाले, त्या काळात आपल्याला वाटायचं, जितके लूप घालू तितका माणूस मोठा.

पण त्या वेळी ते एवढंच म्हणाले, "कागद ठेव. घरी आईला सांगशील तसं सांग. काय करायचं असतंय?"

सुजाता थोडा वेळ अडखळली. मग आमच्याकडच्या पोरी बोलतात तशी, पोरासारखं मी येतो-मी जातो करत बोलली. "मी माझ्या हातानं जुन्या पिशव्या ठेवतो. एकेक घेतो, मागून बघतो. दिली की बोंब मारतो. आणि शेवटी बघतो, जेवढ्या ठेवल्या तेवढ्या मागितल्या का."

"मग हेच लिव की."

तिनं तिथंच बसून लिहिलं. एक लूप, थोड्याशा ओळी. सरांनी चालून बघितला, एकदाही न थांबता फेऱ्या झाल्या. मग टेस्ट चालवली आणि लाल ओळ आली. पुन्हा चालवली, पुन्हा लाल. महिन्याच्या अखेरीला ज्या पिशव्यांची मुदत संपते त्या प्रोग्रॅमला जुन्या वाटतच नव्हत्या. आणि तोच प्रोग्रॅम एका रक्तपेढीत दिवाळीपासून चालू होता.

सर केबिनमध्ये गेले. प्लायवूड पातळ होतं, सगळ्यांना ऐकू येत होतं. मालक म्हणत होते, "आठवडाभर थांबूया. तेवढ्यात दुरुस्त करून गुपचूप पाठवू."

"आज तारीख काय हाय बघ. महिन्याची अखेर आली."

"बरं, कळवू. पण कुणाची चूक म्हणून सांगायचं? सर, तुमचं नाव सांगितलं तर कंपनीची काय किंमत राहणार? ती पोरगी तशीही अजून कायम नाही. तिनं लिहिलं होतं, तिला काढलं, असं म्हणू. माणूस काढला म्हटलं की गिऱ्हाईक गप बसतंय."

हॉलमध्ये सुजाता पडद्याकडे बघत बसली होती. तिनं माऊसवरचा हात काढला नव्हता.

आत सर म्हणाले, "पर्द्या, तुला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच की सर."

"मग तूबी माझीच गाठ हाईस म्हणायची."

ते बाहेर आले आणि हॉलमधल्या टेबलावरचा फोन उचलून रक्तपेढीच्या डॉक्टरांना लावला. सगळ्यांच्या समोर बोलले. "डॉक्टर, मुदतीच्या पिशव्यांची तपासणी मी लिवली होती. ती आंधळी हाय. आज कळलं. महिनाअखेरीच्या पिशव्या फ्रिजमधनं काढून आत्ताच्या आत्ता हातानं बघून घ्या." पलीकडचा आवाज मोठा होता, आमच्यापर्यंत येत होता. सर मध्ये मध्ये "व्हय" म्हणत होते. मग म्हणाले, "न्हाय, पोरीनं न्हाय. पोरीला सापडलंय. लिवलंय मी." आणि आपलं नाव सांगितलं, खरं, आडनावासकट.

तिथून तासाभरानं उलट फोन आला. तशा पिशव्या फ्रिजमध्ये होत्या. पण तिथला माणूस जुन्या सवयीनं पिशवीवरची तारीख डोळ्यानं बघून मगच देत होता, त्यामुळं एकही बाहेर गेली नव्हती. डॉक्टरांनी प्रोग्रॅम ठेवला. मात्र ती तपासणी लिहिणाऱ्या माणसाचा हात आमच्या कामाला पुन्हा लागता कामा नये, असं स्पष्ट सांगितलं. कंपनीत दुसरं काम असं नव्हतंच. मालकांनी सरांना जायला सांगितलं नाही आणि राहा असंही म्हटलं नाही. महिना संपला तसे सर निघाले. सुजाता कायम झाली. तिच्याबद्दल काय लिहायचं ते सरांनी जाण्याआधी लिहून दिलं होतं, ते मी वाचलेलं नाही.

शेवटच्या दिवशी ते मागं माझ्या गॅसपाशी चहा प्यायला आले. सुजाताही आली. तिचे डोळे लाल होते. म्हणाली, "सर, मी फायलीचं सांगायलाच नको होतं."

"मग काय झालं असतं?"

"तुम्ही राहिला असता."

"आणि पिशवी?"

तिनं डोळे पुसले. सर म्हणाले, "रडाय काय झालं? मला घालवायला तुझी काय गरज न्हाय. आमच्या घरात मला रोज सकाळी घालवून देत्यात, म्हणून तर हितं येत होतो." मग माझ्याकडे वळून, "मावशी, तुमच्या टेबलाची मला लई आठवण येणार. घरात माझ्या एवढी मोकळी जागा न्हाय." कप त्यांनी स्वतः विसळून पालथा घातला आणि जिना उतरून गेले.

पुढं काम वाचायचं सुजाताकडे आलं. कंपनी वाढली, रक्तपेढ्या वाढल्या. ती मला म्हणायची की चला, एकदा सरांकडे जाऊ, आणि मग जायचीच नाही. दोन वर्षं अशी गेली. मग एका रविवारी सकाळी ती स्कूटर घेऊन माझ्या दारात आली आणि म्हणाली, "मावशी, बसा. सरांकडे जायचं आहे."

सरांचं घर कळंब्याच्या बाजूला होतं. ते बाहेरच्या खोलीत कॉटवर बसले होते. पाय सुजलेले, उशीवर ठेवलेले. चालणं जवळजवळ बंद झालं होतं. काकूंनी आमच्यापुढं भडंग ठेवलं आणि म्हणाल्या, "बरं झालं आलासा. दिसभर मला कामाला लावत्यात. ह्यो डबा तिथं का ठिवलास, तो हितं का ठिवलास. आता माझं स्वयंपाकघर तपासाय लागल्यात." सर म्हणाले, "ती काय माझं ऐकत्या व्हय."

सुजातानं भडंगाला हात लावला नाही. ती म्हणाली, "सर, मी एक टेस्ट पास केली होती. नव्या मुलानं लिहिलेली. काल परत वाचली. एकाच रुग्णासाठी दोन पिशव्या मागितल्या तर दुसरीचा गट तपासलाच जात नाही. पहिली जुळली की लूप थांबतो. तो प्रोग्रॅम सोमवारपासून तीन रक्तपेढ्यांत चालू होणार आहे. मुलानं लिहिलं, पण वाचून हो म्हटलं ते मी. साहेबांना अजून सांगितलं नाही." मग म्हणाली, "माझ्या लग्नाचं ठरतंय सर. नोकरी आहे म्हणून ठरतंय. काय करू?"

सरांनी कागद मागितला नाही. म्हणाले, "मला का इचारालीस? मला आत्ता सांगितलंस न्हवं? एका दमात सांगितलंस. तेच तुझ्या साहेबाला सांग."

"ते विचारतील, चूक कुणाची."

"इचारू दे की."

घरातला फोन आतल्या दाराजवळच्या फळीवर होता. सुजाता उठून तिथं गेली आणि नंबर फिरवला. सर कॉटवरून पाय खाली सोडून, भिंतीला धरून उठले. मी हात द्यायला पुढं झाले तर नको म्हणाले. एकेक पाऊल टाकत ते अंगणात गेले आणि आमच्याकडे पाठ करून जास्वंदीपाशी उभे राहिले. काकूही आत गेल्या. मला कुठं जावं ते कळेना, म्हणून मी तिथंच बसून राहिले.

"साहेब, सुजाता बोलतोय," ती म्हणाली. ऑफिसात ती असं कधी बोलत नसे. "एक चूक झाल्या. माझी हाय." मग सगळं सांगितलं, जसं सरांना सांगितलं होतं तसंच. सांगून झाल्यावर ती बराच वेळ कानाला फोन लावून उभी राहिली. पलीकडून काही ऐकू येत नव्हतं. मग तिनं "संध्याकाळपर्यंत" एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला.

सर अंगणातूनच म्हणाले, "काय म्हणाला?"

"नीट व्हायला किती वेळ लागंल, विचारलं."

"आणि?"

"एवढंच."

"चूक कुणाची, इचारलं न्हाय?"

"न्हाय."

सर वळले नाहीत. तसेच म्हणाले, "मग थांबलीस काय? संध्याकाळपर्यंत म्हणालीस न्हवं. जा."

ती चपला घालत होती तेव्हा त्यांनी काकूंना हाक मारून पुडीत भडंग बांधून द्यायला सांगितलं. आम्ही निघालो तेव्हा ते अजून अंगणातच उभे होते. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. ती बातमी ऑफिसात प्रथम प्रदीपरावांना कळली. केबिनमधून बाहेर येऊन त्यांनी ती सांगितली आणि सांगताना ते "आमचे सर" म्हणाले नाहीत, "माझे सर" म्हणाले.